ओलिसांसाठी बंडखोरांशी बोलावं का? चंबळच्या एका जुन्या पोलीसवाल्याचं उत्तर

गेल्या रविवारी तू विचारलंस, "काका, स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये शिकवतात की ओलिसांसाठी सरकारने बंडखोरांशी कधीच बोलू नये, बोललं म्हणजे झुकलं. मग प्रत्येक वेळी शेवटी बोलणी होतातच कशी? आणि ते मध्यस्थ जंगलात जाऊन नेमकं करतात काय?" आरतीची वेळ झाली होती, म्हणून दोन वाक्यांत निभावून नेलं. पण मुलाखत तोंडावर आली आहे, तेव्हा नीट लिहून देतो.

माझी चौतीस वर्षं मध्य प्रदेश पोलिसात गेली. त्यातली निम्मी ग्वाल्हेर, भिंड, मुरैना या पट्ट्यात, आणि राज्य फुटायच्या आधी थोडा काळ बस्तरला. देशभर गाजलेल्या प्रकरणांत मी कुठेच नव्हतो. पण पकड सोडवायची कामं हातून बरीच गेली, आणि त्या अनुभवावरूनच बोलतो आहे.

"पकड" हा शब्द तुझ्या पिढीच्या कानावर कमी पडला असेल. बीहडात, म्हणजे चंबळकाठच्या घळींत, उचलून नेलेल्या माणसाला पकड म्हणतात आणि त्या गुन्ह्यालाही पकडच म्हणतात. सुटकेचे पैसे म्हणजे फिरौती. उचलणारे स्वतःला डाकू म्हणवून घेत नाहीत, बागी म्हणवतात. डाकू म्हटलं की नुसता गुन्हेगार, बागी म्हटलं की माझ्यावर अन्याय झाला म्हणून मी बंदूक उचलली, असा दावा आला. चंबळचा बागी आणि बस्तरचा माओवादी यांना मी एका मापाने मोजत नाही. एकाला पैसा हवा असतो, दुसऱ्याला सरकारने आपल्यासमोर येऊन बसावं असं वाटत असतं. पण दोघांच्याही मागण्यांच्या यादीत एक ओळ न लिहिता असतेच, की आमच्याशी बोला. ओलिसांचं सगळं राजकारण त्या ओळीभोवती फिरतं.

तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं की बोलावंच. बोलणं वेगळं आणि देणं वेगळं, हा फरक क्लासमध्ये पुसून टाकतात. बोलणी चालू आहेत तोवर पकडीला जेवण मिळतं, औषध मिळतं, आणि राखणीला बसलेल्या पोराला त्याच्याशी दोन शब्द बोलायची सवय लागते. ज्याच्याशी आठ दिवस बोललो त्याच्यावर गोळी झाडणं जड जातं. हे मी पुस्तकातून शिकलो नाही, सुटून आलेल्या माणसांनी सांगितलं आहे.

आता राजकारण. पहिला प्रश्न असतो, माणूस कोण आहे? तोंडाने कोणी विचारत नाही, पण सगळी यंत्रणा त्यावरच हलते. ऑक्टोबर २००९ ची दोन प्रकरणं शेजारी ठेवून बघ. झारखंडमध्ये पोलीस इन्स्पेक्टर फ्रान्सिस इंदुवार यांना माओवाद्यांनी पळवलं. कोबाड गांधी आणि इतरांना सोडा, अशी मागणी होती. सरकारने मानली नाही, आणि त्यांचा शिरच्छेद केलेला मृतदेह रस्त्यावर मिळाला. त्यानंतर दोन-अडीच आठवड्यांत पश्चिम बंगालमध्ये सांकराइल ठाण्याचे प्रभारी अतींद्रनाथ दत्त पळवले गेले. तिथे अटकेतल्या आदिवासी स्त्रियांच्या जामिनाला सरकारने विरोध केला नाही, आणि दत्त दोन दिवसांत परतले. देश एकच, संघटना एकच, महिनाही एकच. फरक मागणीत होता. अटकेत असलेला वरिष्ठ नेता सोडणं आणि किरकोळ गुन्ह्यांत धरलेल्या गावच्या बायकांच्या जामिनाच्या आड न येणं, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पण इंदुवार यांच्या घरच्यांना हे अंतर कोण समजावणार? त्यांना एवढंच दिसलं की तिकडचा सुटला, आमचा गेला.

अधिकारी उचलला की दिल्लीपर्यंत फोन वाजतात. १९८७ च्या डिसेंबरात आंध्रातल्या पूर्व गोदावरी जिल्ह्यात, गुर्तेडूजवळ, पीपल्स वॉर या नक्षलवादी गटाने आयएएस अधिकाऱ्यांचा एक गटच पळवला होता. त्यात एस. आर. शंकरन होते. वेठबिगारी मोडून काढण्यासाठी ज्यांनी आयुष्य घातलं, आदिवासींच्या बाजूने बोलणारा त्यांच्याइतका मोठा अधिकारी त्या राज्यात दुसरा नव्हता, आणि ओलीस म्हणून नेमके तेच हाती लागले. सरकारने काही नक्षलवादी कैदी सोडले, अधिकारी परत आले. पण शंकरन कडवट झाले नाहीत. पुढे सरकार आणि नक्षलवादी यांच्यात संवाद व्हावा म्हणून काम करणाऱ्या नागरिकांच्या समितीचं नेतृत्व त्यांनीच केलं. मी नव्या पोरांना शिकवायचो तेव्हा त्यांचं नाव आधी घ्यायचो.

आता छत्तीसगडचा सुकमा जिल्हा, कारण मुलाखतीत तेच विचारतील. २१ एप्रिल २०१२ ला कलेक्टर अ‍ॅलेक्स पॉल मेनन मांझीपाडा गावात ग्रामसुराज अभियानाच्या सभेत बसले होते. माओवाद्यांनी त्यांचे दोन अंगरक्षक मारले आणि त्यांना उचलून नेलं. मागण्या आल्या. कैदी सोडा, आमच्याविरुद्धची ऑपरेशन ग्रीन हंट ही मोहीम थांबवा, फौजा बराकीत परत न्या. मेनन यांना दम्याचा त्रास. औषध घेऊन आधी आत गेले ते मनीष कुंजाम. माजी आमदार, आदिवासींचे नेते. मध्यस्थ व्हायला त्यांनी नकार दिला, पण औषध पोचवलं. औषधाची पिशवी ही बोलण्यांतली पहिली खरी देवघेव. ती आत पोचली आणि माणूस जिवंत असल्याची खबर बाहेर आली, की दोन्ही बाजूंना कळतं की समोरचा दिलेलं पाळतो आहे.

माओवाद्यांनी बी. डी. शर्मा आणि प्रा. हरगोपाल यांची नावं दिली. सरकारने निर्मला बुच आणि एस. के. मिश्रा यांना बसवलं, दोघंही माजी मुख्य सचिव. चार माणसं, आणि यातलं कोणीही बंदूक हाती घेतलेलं नाही. शर्मांबद्दल मी थोडं जास्त लिहितो, कारण ते शेवटी आपल्याच ग्वाल्हेरात राहिले आणि डिसेंबर २०१५ मध्ये इथेच गेले. गणिताचा डॉक्टर, १९५६ च्या तुकडीचा आयएएस, साठच्या दशकाच्या अखेरीस बस्तरचा कलेक्टर, नंतर अनुसूचित जाती-जमातींचा आयुक्त. १९९२ मध्ये जगदलपुरात जमावाने या माणसाची धिंड काढली होती. तरी वयाच्या ऐंशीनंतर तो त्याच बस्तरच्या जंगलात शिरला, कशासाठी, तर एका तरुण कलेक्टरला आणायला. ताडमेटलाच्या बाजूला, जिथे दोन वर्षांपूर्वी ७६ जवान मारले गेले होते. माओवाद्यांना ते आपले वाटत होते म्हणून नव्हे. बस्तरच्या माणसाशी हा माणूस खोटं बोलला नाही, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. मध्यस्थाकडे भांडवल असतं ते एवढंच.

करार झाला तो पाहण्यासारखा आहे. नावं लिहून दिलेले कैदी सोडायचं कलम त्यात नव्हतं. बुच यांच्या अध्यक्षतेखाली एक स्थायी समिती नेमायची, तुरुंगात खितपत पडलेल्यांच्या खटल्यांचा तिने आढावा घ्यायचा, आणि कलेक्टर सुटल्यावर तासाभरात तिचं काम सुरू करायचं. ३ मेला मेनन सुटले. माओवादी आपल्या लोकांना सांगू शकले की तुरुंगातल्या आदिवासींचा प्रश्न आम्ही सरकारच्या टेबलावर आणला. सरकार सांगू शकलं की एकही कैदी सोडला नाही. दोघांनाही घरी तोंड दाखवता येईल असा कागद लिहिणं, हे मध्यस्थाचं काम. भोळेपणाने किंवा नुसत्या चांगुलपणाने असा कागद लिहिता येत नाही. कायदा, शासनाची फाईल आणि जंगलाची भाषा, तिन्ही यावी लागतात.

क्लासमध्ये "कैदी सोडले" असं सर्रास म्हणतात, तेही इथेच दुरुस्त करून घे. मुख्यमंत्र्याच्या तोंडी हुकमाने कोणी तुरुंगातून बाहेर येत नाही. खटला मागे घ्यायचा तर सरकारी वकिलाने अर्ज करायचा आणि न्यायालयाने संमती द्यायची. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३२१ होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ३६० आहे, आणि त्यात पीडिताचं म्हणणं ऐकल्याशिवाय संमती देता येत नाही. हे का हवं ते समजायला २००० सालचं प्रकरण बघ. ३० जुलैला चंदनतस्कर वीरप्पनने कन्नड नट राजकुमार यांना गाजनूरच्या घरातून नेलं. कर्नाटक आणि तमिळनाडूची सरकारं टाडा या दहशतवादविरोधी कायद्याखालचे, त्याच्या साथीदारांवरचे आरोप मागे घ्यायला निघाली. तेव्हा सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले अब्दुल करीम, वीरप्पनच्या टोळीने मारलेल्या एका फौजदाराचे वडील. माझ्या मुलाला मारणाऱ्यांच्या साथीदारांना कोणाला विचारून सोडता? न्यायालयाने नोव्हेंबरात सरकारांना अडवलं. सरकारी वकिलाने स्वतःच्या बुद्धीने निर्णय घ्यायचा असतो, वरून आलं म्हणून सही करायची नसते, हे ठणकावून सांगितलं. राजकुमार १०८ दिवसांनी परतले. मी त्या म्हाताऱ्या बापाचा विचार पुष्कळदा करतो. ओलिसाच्या घरच्यांचं रडणं सगळ्या देशाने पाहिलं. आधीच मेलेल्याचा बाप मात्र कोणाच्या ध्यानीमनी नव्हता.

आता माझ्या हातून गेलेलं एक प्रकरण सांगतो. त्यातली चूकही सांगतो.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं मराठी घर, वडील रस्ते-पुलांचे ठेकेदार. एकोणीस वर्षांचा मुलगा मजुरांची हजेरी घेऊन भिंडकडच्या कामावर गेला तो परतला नाही. मोटारसायकल नाल्यात सापडली. चौथ्या दिवशी चिठ्ठी आली, अक्षर मुलाचं, मजकूर दुसऱ्याने सांगितलेला. मी तेव्हा एसडीओपी, म्हणजे उपविभागाचा पोलीस अधिकारी होतो. त्या घराच्या माजघरात साध्या कपड्यांत पाच रात्री बसून काढल्या. आमचा दुवा होता एक दूधवाला. बीहडाच्या काठचं गाव, रोज सायकलला कॅन बांधून शहरात यायचा.

पैशांची भाषा सुरू होण्याआधी निशाणी मागायची, हा पहिला नियम. मुलगा आत्ता, या क्षणी जिवंत आहे याची खूण. वडिलांना काही सुचेना. आई म्हणाली, "त्याला विचारा, आपल्या गणपतीच्या चौरंगाचा कुठला पाय हलतो." दोन दिवसांनी विडीच्या बंडलाच्या कागदावर उत्तर आलं. पेन्सिलीने लिहिलं होतं, "मागचा डावा. खाली बाबांच्या चपलेचा तुकडा." माउलीने तो कागद वाचला, डोक्याला लावला आणि आत गेली. थोड्या वेळाने कुकरची शिट्टी ऐकू आली. त्या घरात सहा दिवस कोणी धड जेवलं नव्हतं.

पुढचं सगळं जुळत आलं होतं. मी दूधवाल्याला शब्द दिला होता की तुझ्यामागे कोणी येणार नाही. त्याच रात्री वरून हुकूम आला, दूधवाल्याच्या मागे पार्टी लावा, टोळी हाती लागेल. मी विरोध केला, पण जेवढा करायला हवा होता तेवढा नाही. पार्टी गेली. दुसऱ्या डोंगरीवरच्या पहारेकऱ्याने ती पाहिली, आणि टोळी मुलाला घेऊन पलीकडे उतरली. तो अजून बावीस दिवस चालत राहिला. सुटून आला तेव्हा एका पायात पू झालेला, वजन निम्म्यावर. दूधवाला मला ठाण्याच्या फाटकाशी भेटला. एवढंच म्हणाला, "साहब, मेरी जबान आपने बेच दी." त्यानंतर दोन वर्षांत त्या भागात आणखी तीन पकडी झाल्या. त्या गावातला एकही माणूस मधे पडायला तयार झाला नाही. तिघांपैकी एक परतला नाही.

म्हणून बोलावं की नाही या वादात माझं मन रमत नाही. दिलेला शब्द पाळला गेला का, हे मी आधी बघतो. या बाबतीत आपल्या मुलखाने दोन्ही दिवस पाहिले आहेत. १९६० मध्ये विनोबा भिंड-मुरैन्यात पायी फिरले, आणि लोकमन दीक्षितसारख्या बागींनी त्यांच्यापुढे शस्त्रं ठेवली. १४ एप्रिल १९७२ ला जौऱ्याच्या आश्रमात जयप्रकाशांसमोर माधोसिंग, मोहरसिंग आले. अट होती की फाशी होऊ नये. ती पाळली गेली, पुढे मुंगावलीला खुला तुरुंग निघाला. पोलिसांपैकी अनेकांना तो सोहळा पटला नव्हता, आणि ज्यांची माणसं मेली त्यांनी का पटवून घ्यावं? तरी शब्द टिकला, आणि नंतरची कित्येक वर्षं बीहडातल्या माणसाला "शरण ये" असं म्हणायला आमच्याजवळ तोंड होतं.

उलट बाजूला फूलनदेवी. फेब्रुवारी १९८३ मध्ये भिंडला तिने मुख्यमंत्री अर्जुनसिंगांसमोर बंदूक ठेवली. आठ वर्षांहून जास्त तुरुंग नाही, ही अट होती. सुटायला अकरा वर्षं लागली. कारण बहुतेक गुन्हे उत्तर प्रदेशातले होते, आणि मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्याचा शब्द यमुनेपलीकडे चालत नव्हता. बोलायला बसताना आपला शब्द कुठवर पोचतो हे आधी सांगावं लागतं. न सांगता दिला तर ती फसवणूकच, मनात काहीही असो.

मध्यस्थाचा वेश हे आणखी एक जपायचं भांडवल. २००८ मध्ये कोलंबियाच्या लष्कराने फार्क या बंडखोर संघटनेच्या ताब्यातून राजकारणी इंग्रिड बेतांकुर आणि आणखी चौदा जणांना एकही गोळी न झाडता सोडवलं. मदत संस्थेचे लोक असल्याचं सोंग घेऊन हेलिकॉप्टर उतरवलं होतं. मोठी कामगिरी, यात शंका नाही. पण एका सैनिकाने रेडक्रॉसचं चिन्ह लावलं होतं, आणि राष्ट्राध्यक्षांना ते कबूल करावं लागलं. नायजेरियात बोको हरामने पळवलेल्या चिबोकच्या शाळकरी मुलींपैकी शंभराहून अधिक जणी २०१६ आणि २०१७ मध्ये परत आल्या, त्या याच रेडक्रॉसच्या गाड्यांतून. ते चिन्ह खोटं असू शकतं असं एकदा जंगलात पसरलं, तर पुढच्या खऱ्या गाडीवर गोळी येते. माझा दूधवाला आणि ते चिन्ह मला एकाच माळेतले वाटतात.

"कधीच बोलू नका" म्हणणाऱ्यांकडे एक भक्कम मुद्दा आहे, तो डावलू नकोस. कंदाहार. डिसेंबर १९९९ मध्ये इंडियन एअरलाइन्सचं विमान पळवून तिथे नेलं होतं. ३६ कैद्यांच्या मागणीपासून बोलणी तीनवर आली, पण त्या तिघांत मसूद अझहर होता, आणि त्याने पुढे जैश-ए-मोहम्मद उभी केली. सोडलेल्या माणसाची किंमत कोणीतरी दुसरा मोजतो, हे खरं आहे. माझं मत विचारशील तर चूक कंदाहारला बोलण्यात झाली नाही. ती अमृतसरला झाली, जिथे विमान पाऊणेक तास उभं होतं आणि कोणी काय करायचं हे ठरत नव्हतं. नंतर वाटाघाटी करणाऱ्यांच्या हाती उरलं होतं ते फार थोडं. त्यांनी ३६ चे तीन केले, हेही विसरता कामा नये.

अलीकडचं एक. एप्रिल २०२१ मध्ये बस्तरच्या चकमकीत २२ जवान गेले आणि राकेश्वरसिंग मनहास हा सीआरपीएफच्या कोब्रा या कमांडो दलाचा जवान माओवाद्यांच्या हाती लागला. त्याला आणायला गेले धर्मपाल सैनी, नव्वदी ओलांडलेले, आपल्या धारचे, विनोबांचे शिष्य. बस्तरमध्ये मुलींच्या शाळा काढल्या, आश्रमाला नाव दिलं विनोबांच्या आईचं, रुक्मिणीदेवींचं. सोबत तिथल्या गोंड समाजाचे लोक आणि पत्रकार होते. गावकऱ्यांच्या गर्दीसमोर जवानाचे दोर सोडले गेले. कलेक्टर नाही, आमदार नाही, साधा जवान. आणि त्याच्यासाठीही कोणीतरी गेलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

मुलाखतीत सुकम्याचं निघालं तर मेनन यांच्याआधी त्या दोन अंगरक्षकांचा उल्लेख कर. त्यांच्यासाठी बोलणी करायची संधीच कोणाला मिळाली नाही. आणि समोरच्यांनी विचारलं की कलेक्टरसाठी जे केलंत ते एखाद्या शिपायासाठी, पंचायत सचिवासाठी, गावच्या शिक्षकासाठी कराल का, तर थांबून विचार करू नकोस. हो म्हण, आणि कसं करशील ते सांगायला लाग. निशाणी कशी मागशील, मधे कोणाला घालशील, सरकारी वकिलाशी कधी बोलशील, त्याच्या घरी माजघरात कोण बसेल. शनिवारी संध्याकाळी ये, अब्दुल करीम यांच्या खटल्याचा निकाल माझ्याकडे छापून ठेवला आहे, तो दोघं मिळून वाचू.